रोवणीतली बोटं

रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे अंगठा लागत नाही. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात कुणालाही हे सांगा, तो "हो न" म्हणून आपल्या कामाला लागेल. बाकीच्यांना जरा सोडवून सांगावं लागतं (रोवणी म्हणजे धानाची लावणी, अंगठा लागणं म्हणजे मशीनवर ठसा जुळणं), आणि ते सांगता सांगता मीच बोटांच्या नादी लागलो.

मी गावात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला, आणि सगळ्यात जास्त म्हणजे आधारवर अंगठा घेऊन खात्यातले पैसे काढून देणं. शेजारीच कंट्रोलचं, म्हणजे रेशनचं दुकान. त्याच्याकडे पॉस मशीन, तिथेही अंगठाच. आम्हा दोघांच्या ओट्यावर दिवसभर जे चालतं त्यात निम्मा वेळ बोट पुसण्यात जातो.

आषाढात बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी साचलं, चिखलणी झाली, की बाया सकाळचा स्वयंपाक आटोपून पाण्यात उतरतात त्या सांजच्यालाच वर येतात. डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची पेंडी. उजव्या हाताचा अंगठा आणि जवळची दोन बोटं पेंडीतून चार काड्या सुटवतात आणि पेरभर चिखलात खुपसतात. एक पाऊल मागे, पुन्हा तेच. वरून पाऊस, खालून पाणी. दुपारी धुऱ्यावर (बांधावर) डबा सोडतात तेवढाच वेळ हात कोरडा, तोही वरणात भात कालवेपर्यंत.

संध्याकाळी अशा बाईचं बोट काचेवर येतं तेव्हा ते मी जवळून पाहतो. टोक पांढरंफटक. मऊ, पण दाबलं तर भरीव लागत नाही. नखाकडून खाली उतरत गेलेल्या खोल घड्या, त्या घड्यांत धुऊनही न गेलेली राखी चिखलाची रेघ, आणि बोटांच्या बेचक्यात चिखल्या. काचेखालचा लाल उजेड लागतो, चक्री फिरते आणि यंत्र नाही म्हणतं. आधारच्या यंत्रणेत या नकाराला क्रमांक आहे, ३००. दिलेला ठसा नोंदीतल्या ठशाशी जुळला नाही, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या तालुक्यातले केंद्रवाले एकमेकांना फोनवर "तीनशे येऊन राह्यला का बे?" असं हवापाणी विचारावं तसं विचारतात.

माझी मोठीमाय, म्हणजे मोठी काकू, एका वर्षी निराधार योजनेच्या पैशांसाठी रोवणी करून तशीच आली होती. अंगठा लावला, नाही. दुसरा लावला, नाही. पदराने पुसून लावला, नाही. मग माझ्याकडे न बघता मशीनकडे बघून म्हणाली, "अरे मीच आहो नं बापू. सांग तिले."

काचेला बोट कसं दिसतं ते कळलं की निम्मा राग निवतो. आमच्या हातातली बहुतेक यंत्रं प्रकाशाची आहेत. आत प्रिझम असतो, त्याच्या वरच्या काचेवर आपण बोट टेकवतो आणि खालून तिरपा उजेड येतो. काचेच्या पलीकडे नुसती हवा असली की हा तिरपा उजेड बाहेर पडत नाही, सगळाच्या सगळा आत परत फिरतो आणि कॅमेऱ्याला तो भाग उजळ दिसतो. बोटावरची उंच रेघ जिथे काचेला चिकटते तिथे मात्र उजेड कातडीत शिरतो, विखुरतो, परत येत नाही. ती जागा काळी. म्हणजे ठसा उमटतो तो उंच रेघांमुळे, आणि तेवढाच दोन रेघांमधल्या हवेमुळे. ती हवा हवीच.

आता बोट ओलं आहे. दोन रेघांमधल्या खोलगट जागेत हवेऐवजी पाणी बसलं. पाणी प्रकाशाला हवेपेक्षा काचेच्या जवळचं, त्यामुळे तिथूनही उजेड निसटतो. जिथे उजळ दिसायला हवं तिथेही काळं. मोठ्या पावसात सगळ्या बांध्यांचे धुरे पाण्याखाली गेले की कुणाची बांधी कुठे संपते ते मालकालाही सांगता येत नाही, तसं यंत्राचं होतं. धुरे जागेवरच असतात. दिसत नाहीत.

फोनचं निराळं. फोनवरची बरीच यंत्रं प्रकाशाने न पाहता कातडीचा आणि हवेचा विद्युतभार तोलून रेघ आणि खोलगटी ओळखतात. पाण्याने तो तोल बिघडतो, म्हणून भांडी घासता घासता फोन घेतला तर तोही उघडत नाही. महागड्या काही फोनांत ध्वनिलहरींचं यंत्र आलंय, त्याला ओलं बोट फारसं अडत नाही. पण कंट्रोलच्या दुकानात महागडा फोन कोण ठेवणार.

तर ओलं बोट ही एक भानगड. ती पुसून सुटते. खिळ्याला टांगलेल्या फडक्याने बोट पुसायचं, काच पुसायची (काच पुसायला लोक विसरतात, आधीच्या माणसाचं पाणी पुढच्याच्या माथी), आणि बरेचदा अंगठा लागतो. सुरकुतलेलं बोट ही दुसरी भानगड, आणि ती फडक्याने सुटत नाही. कोरडं केलं तरी घडी घडीच राहते. घडीच्या तळाशी असलेल्या रेघा काचेपर्यंत पोचतच नाहीत, तिथे ठशावर पांढरा पट्टा उमटतो.

इथे यंत्र नेमकं काय शोधतं ते सांगायला हवं. लहानपणी आम्ही शाळेत एकमेकांच्या बोटांवरचे शंख आणि चक्र मोजायचो. ज्याला जास्त चक्रं त्याच्या नशिबी राजयोग. माणसांच्या बोटांवर शंखासारखे वळसेच जास्त, साधारण साठ-पासष्ट टक्के, चक्रं तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, त्यामुळे राजे कमीच निघायचे. जुळवताना यंत्राचा भर शंख-चक्रावर नसतो. एखादी रेघ कुठे संपली, कुठे दोन फाटे फुटले, हे ते टिपून ठेवतं. एका बोटावर अशा डझनावारी जागा असतात आणि त्यांची एकमेकींपासूनची अंतरं, दिशा मिळून तुमची ओळख बनते. आता घडीचा एक पांढरा पट्टा दहा रेघा कापत गेला, तर त्या दहाही रेघा पट्ट्याच्या अलीकडे संपल्यासारख्या दिसतात आणि पलीकडे नव्याने सुरू झाल्यासारख्या. यंत्राला भलतीच टोकं मिळतात. शिवाय कातडी आत ओढली गेल्याने खऱ्या टोकांमधली अंतरंही हललेली. नोंदीतली मोठीमाय आणि काचेवरची मोठीमाय ही मग दोन बाया ठरतात. ओल्या, सुरकुतलेल्या बोटांचे ठसे हा ओळख-यंत्रं करणाऱ्यांमध्ये स्वतंत्र अभ्यासाचा विषयच आहे. कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठातल्या मंडळींनी २०११ साली त्यावर निबंध मांडला होता.

रेघा स्वतः मात्र चिवट. आईच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्या घडायला लागतात आणि सहाव्या महिन्यापर्यंत पक्क्या होतात. नक्षीचं मूळ वरच्या कातडीच्या तळाशी असतं. वरचं झिजलं, सोललं तरी खालून तीच नक्षी पुन्हा वर येते.

सुरकुत्यांबद्दल मी बरीच वर्षं तेच समजत होतो जे सगळे समजतात. कातडी पाणी पिते, फुगते, जागा पुरत नाही म्हणून चुण्या पडतात. यात अगदीच तथ्य नाही असं नाही. वरचा मेलेला थर पाणी धरून फुगतोच. पण पाच-दहा मिनिटांत बोटांना पडतात त्या सुरकुत्यांचं मुख्य कारण वेगळं आहे आणि ते डॉक्टरांना १९३० च्या दशकापासून ठाऊक आहे. लंडनमध्ये लुईस आणि पिकरिंग या दोघांनी १९३६ साली नोंदवून ठेवलं, की हाताची मोठी नस निकामी झालेल्या रुग्णाची त्या नसेच्या वाट्याची बोटं पाण्यात सुरकुततच नाहीत. कातडी तीच, पाणी तेच. नुसतं फुगणं असतं तर तीही सुरकुतली असती.

होतं ते असं. पाणी घामाच्या छिद्रांतून आत जातं, तिथल्या क्षारांचं प्रमाण बदलतं, त्याची खबर नसांना लागते. आपल्या हुकमात नसलेल्या ज्या नसा हृदयाचे ठोके आणि घाम सांभाळतात, त्याच नसा बोटाच्या टोकातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. आतलं रक्त कमी झालं की बोटाचा गर आटतो. वरची कातडी मात्र तेवढीच. ती आत ओढली जाते, घड्या पडतात. बोटाचं टोक दाबलं तर भरीव लागत नाही ते यामुळे. बोट फुगलेलं दिसतं आणि आतून चक्क आटलेलं असतं.

१९७३ साली ओ'रिएन नावाच्या डॉक्टराने यावरूनच हाताच्या नसा तपासायची बिनखर्चाची रीत सुचवली. हात अर्धा तास ४० अंशांच्या पाण्यात ठेवा. सुरकुत्या पडल्या तर नस जिवंत. आमच्या विदर्भात ही गोष्ट वाचताना दत्तपूर आठवल्याशिवाय राहत नाही. वर्ध्याजवळ मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये, म्हणजे लुईस-पिकरिंगच्याच साली, तिथे कुष्ठरुग्णांचं काम सुरू केलं. पुढे वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन झालं, अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन. कुष्ठरोग नसाच खातो. ज्या बोटाच्या नसा गेल्या ते बोट दिवसभर पाण्यात राहिलं तरी त्याला नसांच्या त्या सुरकुत्या पडत नाहीत. पण त्याच नसा घामाच्याही असतात, त्यामुळे एरवी ते बोट कोरडंठाक, भेगाळलेलं, आणि कोरड्या बोटाचाही ठसा नीट येत नाही. बोटंच झडलेल्या माणसाचं तर विचारूच नका. म्हणजे नस चांगली असलेल्याचा अंगठा पावसाळ्यात अडतो आणि नस गेलेल्याचा बाराही महिने.

सुरकुत्या पडतात तरी कशाला? २०११ मध्ये मार्क चँगिझी आणि त्याच्या सोबत्यांनी म्हटलं, की या घड्या पाणी बाहेर काढून देणाऱ्या चऱ्या आहेत, ओल्या वस्तूवरची पकड त्यांनी सुधारते. २०१३ मध्ये न्यूकॅसलच्या विद्यापीठात लोकांना पाण्यातल्या गोट्या आणि मासे पकडायच्या गळाची शिशाची वजनं उचलायला लावली. सुरकुतलेल्या बोटांनी ओल्या वस्तू लवकर हलवल्या, कोरड्यांत फरक पडला नाही. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या दुसऱ्या गटाला तसा काही फायदा दिसला नाही. २०२१ मध्ये मँचेस्टरच्या एका प्रयोगात पुन्हा दिसला. सुरकुतलेल्या हाताला ओली वस्तू धरायला कमी जोर लावावा लागतो असं निघालं. शास्त्रज्ञांचं भांडण चालू आहे, चालू द्या. मला विचाराल तर चिखलातल्या पाण्यात चार काड्या नेमक्या धरून रोवणाऱ्या आणि पुढच्या चार बोटांनीच मोजून घेणाऱ्या बायांना या गोट्यांच्या प्रयोगात कुणी बसवलं नाही, ही त्या सगळ्या प्रयोगांतली उणीव आहे.

पण एवढं तर ठरलंच, की सुरकुतलेलं बोट हे बिघडलेलं बोट नव्हे. नसा शाबूत आहेत, रक्तवाहिन्या हुकूम ऐकतात, हात पाण्याला ओळखून आपला आकार बदलतो. माणूस कामाला लागला याची इतकी सरळ खूण दुसरी नसेल. आणि यंत्राच्या लेखी तोच दोष. त्याला हवं असतं ते कोरडं, मऊ, किंचित घाम असलेलं, काही न करता बसलेलं बोट. माझं बोट पहिल्या झटक्यात लागतं. मी दिवसभर खुर्चीवर असतो.

रोवणी फक्त डोळ्यांत भरते म्हणून तिच्यापासून सुरुवात केली. बाकीचे महिनेही सुटत नाहीत. मामा (माजी मालगुजारी) तलावांत शिंगाडे काढणारे ढिवर बांधव छातीभर पाण्यात तासन् तास असतात, वर शिंगाड्याचे काटे. मोहाडी तालुक्यात आंधळगावकडे कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा धागा काढतात. कोश राख किंवा सोडा घातलेल्या पाण्यात उकळून घ्यायचे आणि ओले असतानाच बोटांनी तार ओढायची. पाण्यात कातडी सुरकुतते आणि सोड्याने तिचं तेल जातं. गवंड्याच्या हाताला सिमेंट तेच करतं. विड्या वळणाऱ्या बाईच्या अंगठ्याच्या रेघा पानावर दाबून दाबून इतक्या झिजतात की कोरड्या दिवशीही ठसा पुसट. तिकडे राळेगावला माझी आत्या कापूस वेचते. सुकलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात, दिवाळीपर्यंत तिच्या बोटांवर ओरखड्यांचंच लिखाण. आणि वैशाखात तेंदूपत्त्याच्या हंगामात पारा ४५ वर गेला की सगळ्यांचाच प्रश्न उलटा होतो. घाम बोटावर टिकत नाही, रेघ काचेला पुरती चिकटत नाही, ठसा ठिपक्याठिपक्यांचा येतो. तेव्हा आम्ही म्हणतो, "केसांतून बोट फिरव." खोबरेल लागलं की रेघा काच धरतात. कुणी तोंडाची वाफ सोडतं, कुणी नाकाच्या शेंड्यावर बोट घासतं. माझ्याकडे खिळ्याला दोन फडकी असतात, एक कोरडं आणि एक ओलसर, आणि कुठलं फडकं जास्त मळलं त्यावरून कुठला हंगाम चालू आहे ते कळतं.

म्हातारपणाच्या सुरकुत्या आणखी वेगळ्या. त्या पाण्याच्या नाहीत आणि नसांच्याही नाहीत. कातडीतला ताण धरणारा ऐवज कमी होतो, ती पातळ आणि सैल होते, रेघांची उंचीच उतरते. रोवणीची घडी हात कोरडा राहिला की तासाभरात भरून येते. ही येत नाही. त्यात साठ वर्षं धान कापलेला हात असेल तर विळ्याच्या जुन्या खुणा आडव्या-उभ्या. आणि सरकारी पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला येतो नेमका नोव्हेंबरात, ऐन धान कापणीच्या आणि मळणीच्या तोंडावर. जिवंत असल्याचा पुरावा द्यायला माणूस बोट घेऊन येतो आणि ते बोट कापणीने फाटलेलं असतं.

पेन्शन आणि बोट यांची सोयरीक आजची नाही. १८५८ साली बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या ठेकेदाराकडून रस्त्याच्या खडीचा करार लिहून घेतला आणि कराराच्या मागे त्याच्या अख्ख्या हाताचा ठसा घेतला. हेतू एवढाच, की उद्या गड्याने "सही माझी नाही" म्हणू नये. पुढे १८७७ मध्ये हुगळीला हाच हर्शेल पेन्शनवाल्यांचे ठसे घेऊ लागला, कारण मेलेल्यांच्या नावावर पैसे उचलले जात होते. दस्त नोंदणीतही त्याने ठसे लावले. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय उघडलं, जगातल्या पहिल्यांपैकी एक. तिथे ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांची डोकी झिजली आणि पद्धतीला नाव लागलं त्यांच्या साहेबाचं, हेन्रीचं. तेव्हापासून ते २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबारच्या टेंभली गावात पहिलं आधार वाटलं गेलं तोवर, शंका एकच आहे: समोरचा तोच आहे का? आणि ती शंका बहुतेक वेळा गरिबावरच घेतली गेली.

एक फरक पडला. शाईच्या ठशापुढे माणूस बसलेला असायचा. बोट ओलं आहे, चिखल लागलाय, हे त्याला डोळ्यांनी दिसायचं. पोलिसांकडच्या ठसेतज्ज्ञांना तर पाण्यात सापडलेल्या मृतदेहाच्या सुरकुतलेल्या बोटात सुईने द्रव भरून, बोट पुन्हा टरटरीत करून ठसा घेता येतो. (तिथल्या सुरकुत्या नसांच्या नसतात, खूप वेळ मुरल्याच्या असतात. दिवसभराच्या रोवणीत मला वाटतं दोन्ही प्रकार एकत्र येतात.) बेवारस प्रेताची ओळख पटावी म्हणून एवढी खटपट होते. जिवंत बाईला आम्ही म्हणतो, उद्या ये.

नियम वाईट नाहीत, हे सांगायला हवं. आधार प्राधिकरणाने २०१७ च्या ऑक्टोबरात परिपत्रक काढून सांगितलंय, की बोट जुळलं नाही म्हणून कुणाचं धान्य अडवू नका. बुबुळ पाहा, ओटीपी घ्या, तेही नसेल तर कार्ड पाहून नोंद करून द्या. २६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही, ठसा जुळला नाही म्हणून खऱ्या हकदाराला वंचित ठेवणार नाही, हे सरकारी वकिलांचं आश्वासन नोंदवून घेतलेलं आहे. पण कागदावरच्या त्या पर्यायांपैकी आमच्या गावात काय पोचलं? बुबुळाचं यंत्र कंट्रोलच्या दुकानात नाही. ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर, तो नंबर मुलाचा, मुलगा बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीवर, फोन त्याच्या कपाटात बंद. घरातल्या दुसऱ्या कुणाचं बोट चालतं, पण घरातली दुसरी बाईही त्याच बांधीत उभी असते. राहिली वहीतली नोंद. दुकानदार म्हणतो, "उद्या वरून विचारलं तर मी काय दाखवू?" त्याचंही चुकलं म्हणवत नाही.

यात जातं काय, तर रोजी. रोवणीचे दिवस मोजके, तेवढ्यातच चार पैसे दिसतात. एक खेप वाया गेली की अर्धा दिवस गेला. मशीन नाही म्हणते तेव्हा ते कुठल्याही हिशेबात धरलं जात नाही. यंत्रणेकडे फक्त एक ३०० जमा होतो, आणि वरून पाहणाऱ्याला तो बोगस लाभार्थी पकडल्यासारखाही दिसू शकतो. मला चीड येते ती याची. काच चुकते त्याचं काही नाही, ती काचच आहे.

आम्ही आपले आडमार्ग काढले आहेत. रोवणीवाल्यांना सकाळी कामावर जायच्या आधी बोलावतो, हात रात्रभर कोरडा राहिलेला असतो. उजवा अंगठा सोडून डाव्या हाताची अनामिका घेतो. ते बोट रोवताना चिखलात खुपसलं जात नाही आणि विळा धरतानाही त्याच्यावर भार कमी. नोंदणीच्या वेळी दहाही बोटं घेतलेली असतात, कुठलंही चालतं, हे निम्म्या लोकांना ठाऊकच नसतं. अंगठा म्हणजे अंगठाच, अशी पिढ्यान् पिढ्यांची सवय. ज्यांचा ठसा सारखाच अडतो त्यांना मी पोळा झाल्यावर, कापणी लागायच्या आत, तालुक्याला जाऊन बोटं नव्याने नोंदवायला सांगतो. भादवा-आश्विनातलं बोट वर्षातलं सगळ्यात बरं. ही अक्कल मला कुठल्या प्रशिक्षणात मिळालेली नाही.

आता चेहरा आला आहे. हयातीच्या दाखल्याला २०२१ पासून फोनपुढे तोंड धरलं तरी चालतं, किसान सन्मानच्या केवायसीलाही चालतं. ओल्या हातांसाठी हे बरं झालं यात वाद नाही. फक्त उजेड पुरेसा लागतो, नेट लागतं, आणि माणूस जिवंत आहे, फोटो नाही, हे पटावं म्हणून डोळे मिचकवावे लागतात. मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला ते किती वेळा सांगावं लागतं ते आमच्या ओट्यावर येऊन पाहा.

मोठीमायला गेल्या पावसाळ्यात मी असंच दारात उजेडाला उभं केलं. हाताला अजून चिखल होता, तिने सवयीने अंगठा पुढे केला. म्हटलं, हात राहू दे, इकडे पाहा आणि डोळे मिचकव. तिने आधी पदर नीट केला, मग शेजारच्या कंट्रोलवाल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुया मोठ्याबाले नाई मिचकावले कधी," म्हणाली, "आन् सरकारले मिचकावू?"

रांगेतल्या बाया हसून हसून बेजार झाल्या आणि त्या गलक्यात तिचे डोळे आपोआप मिटले-उघडले. पैसे निघाले. पावती पिशवीत घालून ती बांधीकडे परत निघाली. अजून दोन बांध्या रोवायच्या राहिल्या होत्या.